गाडी बाबांची, स्टिअरिंगवर तुम्ही

आपल्या घरांत गाडी एकाच्या नावावर असते आणि चालवतं सगळं घर. आरसीवर वडिलांचं नाव, पण रोज ऑफिसला नेतो मुलगा. शनिवारी सून तीच गाडी घेऊन माहेरी जाते, गणपतीत जावई तिच्यातून कोकणात उतरतो, आणि सुट्टीला आलेला भाचा ‘एक राउंड मारून येतो’ म्हणत किल्ली उचलतो. ‘पॉलिसी माझ्या नावावर नाही, उद्या काही झालं तर कंपनी पैसे देईल का?’ हा प्रश्न यांतल्या प्रत्येकाच्या मनात कधीतरी येऊन जातो. घरात कोणी तो मोठ्याने विचारत नाही, कारण गाडी घरचीच आहे.

उत्तर बहुतांशी ‘देईल’ असंच आहे. मात्र ते कशासाठी ‘देईल’ आणि कशासाठी ‘देणार नाही’, याची घराघरांत पुरती गल्लत झालेली दिसते. जिथे काळजीचं कारण नाही तिथे लोक घाबरतात, आणि जिथे खरोखर भगदाड आहे तिथे निर्धास्त असतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रत्येक मोटार पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा चार ओळींचा परिच्छेद असतो. आज संध्याकाळी पॉलिसी काढून तेवढा तरी वाचा. त्याचा आशय असा: विमाधारकासह कोणीही ही गाडी चालवू शकतं, अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स असलं पाहिजे आणि लायसन्स बाळगायला तो अपात्र ठरवलेला नसला पाहिजे. लर्निंग लायसन्सवालाही चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळून. या चार ओळींत नात्याचा उल्लेखच नाही. मुलगा, सून, दीर, शेजारी, मित्र, सगळे ‘कोणीही’ या एका शब्दात बसतात. मालकाच्या सांगण्यावरून किंवा परवानगीने गाडी चालवणाऱ्यालाही पॉलिसी संरक्षण देते, आणि पॉलिसीच्या अटी मालकासारख्याच त्यालाही लागू होतात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. कंपनीकडे ड्रायव्हरांची यादी द्यावी लागत नाही.

(इंग्लंडमध्ये मुलाकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी ही सवय सोबत नेऊ नये. तिथे पॉलिसीत ज्यांची नावं आहेत त्यांनाच सहसा संरक्षण असतं. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते म्हणून मुलाची गाडी बाहेर काढली आणि पॉलिसीत नाव नसलं, तर विम्याशिवाय गाडी चालवल्याचा गुन्हा होतो. आधी नाव घालून घ्यावं किंवा थोड्या दिवसांची वेगळी पॉलिसी काढावी.)

पॉलिसी वाचताना आपल्याकडे नेमकं कोणतं कवच आहे तेही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो आपल्या गाडीमुळे जखमी झालेल्या किंवा मरण पावलेल्या बाहेरच्या माणसासाठी असतो. त्यातली भरपाई न्यायाधिकरण ठरवतं आणि तिला रकमेची मर्यादा नाही. बाहेरच्यांच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कारला साडेसात लाखांची मर्यादा असते. आपल्या गाडीचा पत्रा, बंपर, काच यांची दुरुस्ती हवी तर ‘ओन डॅमेज’ लागतं. दोन्ही मिळून ज्याला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात ती पॅकेज पॉलिसी होते. इथे एक चूक फार घरांत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा काढावा लागतो. शोरूममधून मिळालेल्या कागदावर ३ वर्षं दिसतात, म्हणून मंडळी निवांत राहतात. पण त्यातलं ओन डॅमेज पुष्कळदा एकाच वर्षाचं असतं आणि पहिल्या वाढदिवसाला संपून गेलेलं असतं. भावाची गाडी लांबच्या प्रवासाला मागून नेणार असाल तर दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा. एमपरिवहन अॅपवर गाडीच्या नंबरावरून विम्याची मुदत दिसते, पण ओन डॅमेज चालू आहे का हे पॉलिसीच्या कागदावरच पाहावं लागतं.

गाडीत बसलेल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी कारमधल्या प्रवाशांना तिचं संरक्षण मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला. म्हणजे मुलगा चालवतो आहे आणि मागे आजी, बायको, मुलं बसली आहेत, अशा वेळी पॅकेज पॉलिसीचं मोल पत्र्यापुरतं राहत नाही. गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टी पुरे, असा हिशेब करताना ही बाजू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गाडी जुनी असेल, पण तिच्यात बसणारी माणसं तीच आहेत.

खरं भगदाड

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे त्या मुद्द्याकडे येतो. बाबांच्या गाडीचा विमा बाहेरच्या माणसाला सांभाळतो, गाडीला सांभाळतो, पॅकेज असेल तर प्रवाशांनाही सांभाळतो. स्टिअरिंगवर बसलेल्या मुलाला तो सांभाळत नाही.

पॉलिसीत ‘ओनर-ड्रायव्हर’साठी सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. ही रक्कम दिसली की घरच्यांना वाटतं, गाडी चालवणाऱ्याला काही झालं तर १५ लाख मिळतील. त्याच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तो माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक असावा, पॉलिसीत विमाधारक म्हणून त्याचंच नाव असावं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असावं. मुलगा पहिल्या दोन अटींत बसत नाही. गाडी दुभाजकावर आदळली, घाटात कठड्यावर गेली, पावसात घसरून झाडावर आपटली आणि दुसरं कोणतंही वाहन गुंतलेलं नसलं, तर त्याच्या मागे राहिलेल्यांना या पॉलिसीतून १५ लाख मिळत नाहीत.

मग थर्ड पार्टीतून मागावं, असं वकिलाकडे गेलेलं प्रत्येक कुटुंब म्हणतं. तिथेही वाट बंद आहे. कर्नाटकात इलकलजवळ, आपल्या इरकली लुगड्यांच्या गावाकडे, मागून घेतलेल्या मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस लोखंडी पत्रे नेणाऱ्या बैलगाडीवर आदळून गेला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि २००९ मध्ये न्यायालयाने तत्त्व मांडलं की जो दुसऱ्याचं वाहन मागून घेऊन चालवतो तो त्या वेळेपुरता मालकाच्या जागी उभा असतो. आणि मालक स्वतःच्याच विमा कंपनीपुढे ‘थर्ड पार्टी’ होऊ शकत नाही. त्याच सुमाराचा दुसरा निकाल तर थेट बापलेकाचा आहे. वडिलांची मोटारसायकल चालवताना मुलगा गेला, वडिलांनी भरपाई मागितली, आणि सक्तीच्या पॉलिसीत हा धोका येत नाही म्हणून कंपनीची जबाबदारी न्यायालयाने नाकारली. २०२० मध्ये मागून घेतलेल्या वाहनाबद्दल हेच तत्त्व पुन्हा उचलून धरलं गेलं. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो, ती वाट खुली आहे. चूक आपल्याच माणसाची असेल किंवा कोणाचीच नसेल, तर मात्र हात रिकामे राहतात.

आरसीवर आईचं नाव असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. आई गाडी चालवत नाही, तिच्याकडे लायसन्सच नाही, तरी दरवर्षी पॉलिसीत ओनर-ड्रायव्हरच्या विम्याचा हप्ता लागतो आणि आपण तो भरत राहतो. लायसन्स नसलेल्या मालकाला तो विमा लागूच होत नाही. पंच्याहत्तरीतल्या वडिलांचं लायसन्स कधीचं संपलं असेल तर तिथेही तेच. हे कंपनीला कळवून तो हप्ता काढून टाकता येतो आणि ते पैसे जो खरोखर गाडी चालवतो त्याच्या विम्यावर घालता येतात.

काय करता येईल? गाडी मुलगाच चालवत असेल तर त्याच्या नावावर स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढणं हा सर्वांत सरळ उपाय आहे. ती माणसाच्या मागे जाते. तो बाबांच्या कारमध्ये असो, मित्राच्या स्कूटरवर असो की पायी रस्ता ओलांडत असो. कमावता माणूस असेल तर तिच्यात कायमच्या अपंगत्वाची आणि कामाला जाता न येण्याच्या काळाची तरतूद आहे का ते पाहा. मृत्यूपेक्षा अंथरुणाला खिळण्याची शक्यता जास्त असते आणि संसार त्यानेही मोडतो. हातात फार पैसे नसतील तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यावर चालू करा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. १५ लाखांच्या मानाने ती रक्कम तोकडी आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

दुसरा उपाय गाडीच्या पॉलिसीतच आहे. नाव देऊन ठरावीक व्यक्तींसाठी, किंवा नाव न देता प्रवाशांसाठी, थोडा जादा हप्ता भरून वैयक्तिक अपघात विमा जोडता येतो. अनेकजण हा पर्याय ऑनलाइन नूतनीकरणात टिक करून मोकळे होतात आणि तो चालकालाही लागू आहे असं धरून चालतात. प्रवाशांसाठीचा विमा चालकाला मिळतो का, याचा नंतर वाद नको. कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. मजकूर साधा ठेवा: ‘ही गाडी माझा मुलगा नियमित चालवतो. त्याच्याकडे वैध लायसन्स आहे. तो गाडी चालवत असताना, दुसरं वाहन गुंतलेलं नसताना, त्याला मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर या पॉलिसीतून त्याला किती रक्कम मिळेल आणि कोणत्या कलमाखाली? मिळत नसेल तर ती मिळण्यासाठी काय जोडावं लागेल?’ एजंटने फोनवर ‘हो, सगळं कव्हर आहे’ म्हटलं तर त्याला तेच वाक्य ईमेलवर लिहून द्यायला सांगा.

मुलाच्या स्वतःच्या स्कूटरच्या पॉलिसीत त्याचा १५ लाखांचा ओनर-ड्रायव्हर विमा असेल, तरी तो बाबांच्या गाडीत चालत नाही. तो त्याच्या स्वतःच्या मालकीच्या वाहनांपुरता असतो. उलट बाजूने, बाबा स्वतः मालक आहेत, लायसन्सधारी आहेत आणि मुलगा चालवत असताना शेजारच्या सीटवर को-ड्रायव्हर म्हणून बसले आहेत, तर त्यांचा १५ लाखांचा विमा त्या वेळीही लागू होतो. पॉलिसीच्या भाषेत तसं स्पष्ट आहे.

लायसन्स

‘कोणीही चालवू शकतं’ हे सगळं लायसन्सच्या खुंटीला टांगलेलं आहे. ती खुंटी घरोघरी वेगवेगळ्या कारणांनी निखळलेली असते.

वयस्कर माणसांचं लायसन्स हे त्यातलं पहिलं कारण. पन्नाशीनंतर काढलेलं लायसन्स साठीपर्यंत चालतं आणि ५५ नंतर काढलं किंवा नूतनीकरण केलं तर पाच पाच वर्षांनी पुन्हा करावं लागतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची मुभा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती उरलेली नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो, म्हणून वाढदिवसाची वाट पाहण्याचं कारण नाही. अपघातानंतर धावत जाऊन आरटीओतून नवं करून आणलं तरी कंपनी अपघाताच्या दिवसाचीच स्थिती बघते.

परदेशातून डिसेंबरात येणारी मुलं हे दुसरं. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची गाडी घेऊन महाबळेश्वरला जायचं असतं. इथलं लायसन्स दहा वर्षांपूर्वीचं, संपलेलं, खिशात अमेरिकेचं. नुसत्या अमेरिकी लायसन्सवर विसंबू नये. तिथून निघतानाच आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून आणायला सांगा आणि दोन्ही कागद सोबत ठेवायला लावा. नाहीतर सुट्टीपुरता ड्रायव्हर ठेवा.

शिकणारी मुलं हे तिसरं. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला, गाडी सांभाळू शकेल अशा जागी बसलेला माणूस हवा, आणि गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी हवी. सोसायटीच्या मैदानात हे सगळे पाळतात. हायवेला लागल्यावर शेजारचा काका मागच्या सीटवर झोपायला जातो, आणि पॉलिसीचं संरक्षण तिथेच संपतं. दुचाकीचंच लायसन्स असणाऱ्याने कार चालवणं हेही याच जातीचं.

लायसन्स नसलेल्याच्या हातून कोणी बाहेरचा माणूस जखमी झाला तर कंपनी त्याला सहसा वाऱ्यावर सोडत नाही. २००४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका महत्त्वाच्या निकालानंतर अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण सांगतं की कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. जखमी माणसासाठी हे न्यायाचं आहे आणि तसंच असायला हवं. पण वसुली होते ती बाबांच्या घरातून, शेतातून, निवृत्तीच्या पैशातून. त्यामुळे ‘विमा आहे ना’ म्हणून लायसन्स नसलेल्या मेहुण्याला किल्ली देणं हा बाबांच्या म्हातारपणाशी केलेला व्यवहार ठरतो.

अल्पवयीन मुलांबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर कोणालाच सौम्य बोलता येऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं. मुलगा अल्पवयीन असेल तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. ‘मी दिली नव्हती, त्याने न विचारता नेली’ हा बचावही तकलादू आहे. भाच्याने-पुतण्याने घरातली किल्ली उचलून मोटारसायकल नेली अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कंपनीला मालकाकडून वसुलीचा हक्क दिला. घरात सोळा-सतरा वर्षांचं कोणी असेल तर किल्ली दाराजवळच्या खुंटीवर ठेवू नका.

भाडं आणि घरचं फाटक

गाडी कशासाठी वापरली जाते याकडेही कंपनी बघते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीतून भाड्याने देणं, मालवाहतूक आणि शर्यत वगळलेली असते. दिराने वहिनीची गाडी नेऊन गावच्या लग्नात पैसे घेऊन पाहुणे सोडले, तर ओन डॅमेजचा क्लेम अडचणीत येतो. इंधनाचे पैसे वाटून घेणारी भावंडं आणि भाडं घेणारा यांतला फरक अपघातानंतर तपासनीस प्रवाशांनाच विचारून ठरवतो.

मर्यादित किलोमीटरची ‘पे अॅज यू ड्राइव्ह’ पॉलिसी २०२२ पासून मिळते. बाबा महिन्यातून दोनदा मंदिरात जातात म्हणून ती घेतली, आणि मग मुलगा रोज पुण्याहून हिंजवडीला नेऊ लागला, तर किलोमीटर मध्येच संपतील. वापर बदलला की कंपनीला सांगून किलोमीटर वाढवून घ्या.

आणि रिव्हर्स घेताना बाबांचंच फाटक किंवा त्यांचीच उभी स्कूटर ठोकली, तर थर्ड पार्टीतून त्याची भरपाई नाही, कारण विमाधारकाची स्वतःची मालमत्ता तिच्यात येत नाही. कारच्या बंपरचा खर्च ओन डॅमेजमधून मिळेल, पण तो घ्यावा का हा निर्णय बाबांचा आहे. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. तो बाबांच्या नावावर जमलेला असतो. लहान डेंटसाठी भाच्याने परस्पर गॅरेजमधून क्लेम लावून टाकू नये.

चालवत कोण होतं?

अपघातानंतरच्या पहिल्या तासात कुटुंबं एक खोटं बोलतात, आणि बहुतेक वेळा ते खोटं बोलण्याची गरजच नसते. मुलगा फोन करतो, बाबा रिक्षाने तिथे पोचतात, आणि कोणीतरी जाणकार म्हणतो, ‘पॉलिसी बाबांच्या नावावर आहे ना, मग गाडी तेच चालवत होते असं सांगा.’ वर सांगितलेल्या चार ओळी ठाऊक नसल्यामुळे सगळे मान डोलावतात. मुलाकडे लायसन्स होतं, क्लेम सरळ मंजूर झाला असता. आता क्लेम फॉर्मवर चालक म्हणून बाबांचं नाव आणि सही, हॉस्पिटलच्या केस पेपरवर स्टिअरिंगचा मार लागलेला मुलगा, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात मुलाचा चेहरा. सर्व्हेअरला हे दिसतं आणि त्याला ते दिसलंच पाहिजे, ते त्याचं कामच आहे. चुकीच्या माहितीमुळे पूर्ण क्लेम नाकारला जातो. पोलिसांना तेच सांगितलं असेल तर खोटी माहिती दिल्याचा वेगळा गुन्हा, आणि कोणी दगावलं असेल तर वडील मुलाच्या जागी आरोपी.

मुलाकडे लायसन्स नसलं तरी खरंच सांगा. ओन डॅमेजचे पैसे जातील. गाडीचा पत्रा पुन्हा घेता येतो. जखमी माणसाला कंपनीकडून आधी पैसे मिळण्याची शक्यता खऱ्या कागदांवर जास्त असते. बापाने मुलासाठी तुरुंगात जायची तयारी दाखवणं यामागची माया मी समजू शकतो, पण त्या मायेने जखमी माणसाचा दावाही वर्षानुवर्षं रेंगाळतो.

बाकीचं काम सोपं आहे आणि ते चालवणाऱ्यानेच करायचं आहे. कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी. पोलिसांना कळवायचं, उशिरात उशिरा २४ तासांत. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. जागेवरचे फोटो काढा, दोन्ही गाड्यांचे नंबर घ्या. पुरात किंवा खड्ड्यात इंजिनाला मार लागला असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा. नंतर वाढलेलं नुकसान कंपनी मान्य करत नाही. सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी खोलू देऊ नका. क्लेम फॉर्मवर सही मालकाची, चालकाच्या रकान्यात खरा चालक आणि त्याच्या लायसन्सची प्रत. ओन डॅमेजचे पैसे पॉलिसीधारकाच्या खात्यात किंवा थेट गॅरेजला जातात.

नाव बदललं, किंवा माणूसच गेला

बाबांनी गाडी मुलाला देऊन टाकली आणि आरसी त्याच्या नावावर केली, पण पॉलिसी बाबांच्याच नावावर राहिली, तर ओन डॅमेज क्लेम फेटाळला जाण्याची पूर्ण तयारी ठेवा: गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा विमा नाही आणि ज्याचा विमा आहे त्याची गाडी नाही. हस्तांतरानंतर १४ दिवसांत कंपनीकडे पॉलिसी बदलीचा अर्ज द्यायचा असतो. याच्या उलट, गाडी भावाला तोंडी विकली आणि आरसी बदललीच नाही, तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो आणि अपघाताची जबाबदारी त्याच्याकडे येते. घरातल्या घरात दिली तरी फॉर्म २९ आणि ३० भरा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती लागते.

वडील वारल्यावर काय होतं, हे सांगताना मला जास्त काळजी वाटते, कारण त्या दिवसांत कोणाला कागद बघायचं भान नसतं. पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूनंतर ३ महिने, किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. आरटीओचंही तसंच: मृत्यूची आणि गाडी वापरत राहण्याच्या इराद्याची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं.

होतं असं की वर्ष संपतं, कंपनीचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर येतो, फोन आता आईकडे असतो आणि मुलगा लिंकवर जाऊन हप्ता भरून टाकतो. वेबसाइट फक्त गाडीचा नंबर विचारते, पॉलिसी तयार होते, तिच्यावर बाबांचं नाव असतं. हयात नसलेल्या माणसाच्या नावाने घेतलेल्या त्या पॉलिसीवर अपघातानंतर क्लेम टाकला की मृत्यूचा दाखला समोर येतो आणि सगळं अडकतं. तुमच्या किंवा नात्यातल्या कोणाच्या घरी असं झालं असेल तर आजच कंपनीला कळवा. नाव बदलताना बाबांचा नो क्लेम बोनस वाया जात नाही. गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली तर तो त्यांना मिळतो, तेवढं मात्र मागून घ्यावं लागतं.

एवढं सगळं पाळूनही कंपनीने क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा आणि कोणत्या अटीखाली नाकारला ते लिहून घ्या. ‘गाडी मालक चालवत नव्हता’ एवढंच कारण असेल तर त्या उत्तरात पॉलिसीतला ड्रायव्हर्स क्लॉज उतरवून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. अटीचा भंग झाला पण तो मुळावर घाव घालणारा नसेल, तर क्लेम पूर्ण न नाकारता ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासगी वाहनाच्या भाडोत्री वापराच्या एका प्रकरणात घेतली होती, तिचाही आधार घेता येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत. गोव्याची प्रकरणं मुंबईकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची असते, आणि ती पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या सहीने जाते. गाडी तुम्ही चालवत असलात तरी तिथे सही बाबांचीच लागेल.